भीती वाटते, म्हणून मिळून जातो

"या वयात डोंगर चढता, भीती नाही वाटत?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, औषधाच्या दुकानात विचारतात, आणि मांडीवर सॅक दिसली की एसटीत शेजारी बसलेली बाईही विचारते. मी नाशिकची. शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि आता साठीपुढच्या बायका-पुरुषांच्या एका गटाबरोबर आसपासचे किल्ले चढते. आमच्यातले सगळ्यांत थोरले काका ऐंशीच्या घरात आहेत. बहुतेक वेळा माझा स्टॉप येतो आणि उत्तर अर्धं राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगते.

भीती वाटते. पडायची वाटते, खुब्याचं हाड मोडायची वाटते, आणि आपल्यामुळे बाकीच्यांचा दिवस वाया जाईल याची सगळ्यांत जास्त वाटते. धोक्याची आहे ती ही शेवटची. पडायच्या भीतीनं माणूस पाऊल जपून टाकतो. पण आपली अडचण होईल या भीतीनं तो छातीत कळ आली तरी गप्प राहतो, गुडघा सुजला तरी "काही नाही, चला" म्हणतो. आमच्या गटात जे काही नियम आहेत, ते माणसाला वेळेवर तोंड उघडता यावं म्हणून आहेत.

पहिला नियम चालीचा. कुठल्याही डोंगरावर सुट्टीच्या दिवशी बघा: पायात जोर असलेले पुढे निघून जातात, झाडाखाली बसून पाणी पितात, गप्पा मारतात. मागचा धापा टाकत तिथवर पोचला की "आलात? चला" म्हणून उठतात. ज्याला विसाव्याची गरज जास्त, त्यालाच तो मिळत नाही, आणि दिवसभर हेच होत राहतं. आमच्यात सगळ्यांत हळू चालणारा माणूस सर्वांत पुढे असतो. तो थांबला की सगळे थांबतात, आणि तो निघाला तरच बाकीचे निघतात. सर्वांत मागे वाटेची माहिती असलेला एक जण असतो आणि काहीही झालं तरी तो कुणाला ओलांडून पुढे जात नाही. वाचायला साधं वाटेल, पण भरभर चालायची आयुष्यभराची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चालीनं चालणं फार जड जातं. काही जण एकदाच येतात आणि पुन्हा येत नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं, तरी नियम बदलावा असं वाटत नाही.

चालीचं माप घड्याळात नाही, बोलण्यात. चढताना पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की थांबायचं. मनगटावर ठोके दाखवणारी घड्याळं आता अनेकांकडे आहेत, आणि ठोक्यांची कमाल मर्यादा काढायला २२० मधून वय वजा करायचं गणितही सगळ्यांना पाठ असतं. पण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर ठोके फारसे वाढतच नाहीत. आकडा शांत दिसतो आणि शरीर दमलेलं असतं. म्हणून आम्ही चढावर मुद्दाम बोलत राहतो. कुणाचा आवाज बंद झाला की मागचा लगेच विचारतो.

आता उतरण. चढाचं कौतुक सगळे करतात, पण वय झालेल्या माणसाची खरी परीक्षा उतरताना असते. जपानचे युइचिरो मिउरा २०१३ साली वयाच्या ८०व्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या हृदयावर उपचार झाले होते. त्या माणसाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. शिखरावरून उतरताना मात्र ते अतिशय थकले आणि सुमारे ६,५०० मीटरवरच्या दुसऱ्या कॅम्पपासून त्यांना हेलिकॉप्टरनं खाली आणलं. आपल्या किल्ल्यावर हेलिकॉप्टर येत नाही. जेवढं वर गेलो, तेवढं आपल्याच पायांनी खाली यायचं असतं, तेही दमलेल्या पायांनी.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लावायचं काम तेच करतात. ते दमले की सगळा हादरा गुडघ्यावर येतो. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि साठीनंतर ती झीज वाढते. त्यात आपल्या सह्याद्रीचा घसारा! सुटा मुरूम, वर वाळलेलं गवत, खाली गुळगुळीत कातळ. म्हणून आमच्यात प्रत्येकाच्या हातात लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दोन काठ्या असतात. एक नाही, दोन. उतरताना त्या थोड्या लांब करायच्या, पाऊल टाकायच्या आधी टेकवायच्या, आणि पावलं लहान टाकायची. ज्यांना काठीची लाज वाटते त्यांना मी वारी आठवायला सांगते. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे. हातात काठी घेतलेली, सत्तरीपुढची किती माणसं तेवढं चालतात! दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं, पाण्याचे टँकर असतात, मुक्कामाला तंबू असतात, आणि दिवे घाटाच्या चढावर कुणी कुणाला वय विचारत नाही. थोरांनी मिळून लांबचं चालणं आपल्याकडे मुळीच नवीन नाही.

कुठे जायचं, हे आम्ही किल्ल्याच्या नावापेक्षा वाटेवरून ठरवतो. एकाच किल्ल्याची एक वाट घाम काढते आणि दुसरी सहज वर नेते. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जावं. नळीची वाट अवघड, ती आमच्यासाठी नाही. राजगडाला पाली दरवाज्याच्या वाटेनं जावं, तिथल्या पायऱ्या रुंद आहेत. गुंजवण्याहून चोर दरवाज्यानं चढायचा हट्ट धरू नये. हरिहर नाशिकहून जवळ, आणि त्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे दर हिवाळ्यात कुणीतरी त्याचं नाव काढतंच. त्या पायऱ्यांना हातासाठी खोबण्या आहेत, वाट सुंदर आहे, पण वरून गर्दी उतरत असली की मधल्या मध्ये ताटकळत उभं राहावं लागतं. तोल सांभाळत तसं उभं राहणं आमच्यातल्या निम्म्यांना झेपणार नाही. माझं मत ठाम आहे: हरिहर पायथ्यावरून पाहावा, तो तिथूनही देखणा दिसतो.

कळसूबाई मात्र आम्ही करतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून पहाटे निघायचं, आणि शनिवार-रविवार सोडून. निवृत्त माणसाकडे तरुणांकडे नसलेली एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे मंगळवार. रविवारी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांग लागते, मागून घाई होते, आणि घाईत पाय चुकतो. मंगळवारी शिडी रिकामी असते. एक जण वर पोचेपर्यंत दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही, हे तेव्हाच पाळता येतं. गावातही त्या दिवशी फारसं गिऱ्हाईक नसतं. आदल्या दिवशी फोन करून पिठलं-भाकरी सांगितली की त्या घरालाही बरं वाटतं.

एकदा शेवटच्या शिडीखालून आम्ही सगळे परत फिरलो. एका काकूंना गरगरल्यासारखं झालं होतं. त्यांना सावलीत बसवलं, साखर-मिठाचं पाणी दिलं, अर्ध्या तासानं त्या ठीकही झाल्या. तरी माथा सोडला. गटातल्या कुणीही एकानं "परत" म्हटलं की परत फिरायचं, कारण विचारायचं नाही, आणि नंतरही विषय काढायचा नाही. हा नियम मला चालीच्या नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण विचारलं की माणूस पुढच्या वेळी कारण पुरेसं मोठं होईपर्यंत थांबतो.

आता पाण्याचं. याबद्दल कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते. वय वाढलं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं पण घशाला कळत नाही. त्यात बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण डोंगरावर आडोसा नसतो. पहाटे चारला घरून निघालेली बाई दुपारपर्यंत दोन घोटांवर काढते, आणि मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. खूप जणींना वाटतं की आपल्याला डोंगर झेपत नाही. खरं तर त्यांना पाणी मिळालेलं नसतं. आमच्याकडे याची सोय ठरलेली आहे. पायथ्याच्या ज्या घरी जेवण सांगितलं, तिथलं शौचालय निघायच्या आधी वापरायचं. वाटेवर दर तासाला पुरुष पुढच्या वळणापर्यंत जाऊन थांबतात, दोघी चादर धरून आडोसा करतात. कुणी ओशाळत नाही. पुरुषांतही प्रोस्टेटचा त्रास असलेले आहेत, त्यांनाही हे थांबणं हवंच असतं. लघवी वाढवणारी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी ट्रेकच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं, आपल्या मनानं बंद करू नये. मधुमेह असलेल्यांची साखर चालताना खाली जाऊ शकते, म्हणून गूळ-दाणे पोटावरच्या पाऊचमध्ये, सॅकच्या तळाशी नाही. त्याच पाऊचमध्ये औषधांची नावं, आजार आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड असतं. आणि मोबाइलची रेंज वाटेत नेमकी कुठे मिळते, हे मागच्या माणसाला ठाऊक असतं, कारण ११२ लावायची वेळ आली तर ते शोधत बसायला सवड नसते.

खर्चाचंही विचारतात. अंजनेरीला जायचं तर आम्ही त्र्यंबकची एसटी पकडतो आणि फाट्यावर उतरतो. ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात एसटी २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. आधारकार्ड तेवढं जवळ ठेवायचं. पैसे घालावेत ते बुटांवर. तळवा चांगला पकडणारे बूट हवेत, फिरायला जायचे जुने स्पोर्ट शूज नकोत.

आणि ज्यांना खरोखर यायचं असतं ते शेवटी हळूच विचारतात, "मला जमेल का?" आधी डॉक्टरांना दाखवा, आणि "चालायला जाऊ का" असं विचारू नका, "तीन तास चढ-उतार करू का" असं विचारा, उत्तर वेगळं येऊ शकतं. मग दीड-दोन महिने रोज जिना. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, कठडा हाताशी ठेवून, हळू. खुर्चीतून हात न लावता उठा-बसा. दात घासताना एका पायावर उभं राहा, दुसरा हात बेसिनला. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि आपण चालण्याच्या नादात नेमके तेच विसरतो.

पावसाळ्यात सुरुवात नको, शेवाळ असतं. ऑक्टोबरचं ऊनही टाळा. नोव्हेंबरात पेठ रस्त्याजवळच्या आशेवाडीहून रामशेज चढा. लहान किल्ला आहे, पायऱ्या आहेत, रामाचं देऊळ आहे, आणि संभाजी महाराजांच्या काळात याच एवढ्याशा डोंगरानं मोगलांना वर्षानुवर्षं दाद दिली नव्हती, ते तिथे उभं राहिल्यावर जास्त कळतं. दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना मांड्या फार दुखल्या नाहीत, तर पुढच्या महिन्यात अंजनेरी. दुखल्या, तर पुन्हा रामशेज.