सेव्ह वाचवायच्या नादात घेतलेलं फ्लॅश कार्ट

फ्लॅश कार्ट म्हणजे मेमरी कार्डावर भरलेले खेळ खऱ्या मशीनवर चालवू देणारं कार्ट्रिज. हजार खेळ त्यात भरून हिंडायची मला हौस नव्हती. माझ्याकडची गेम बॉयची, म्हणजे निनटेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनची, जुनी कार्ट्रिजं एकेक करून सेव्ह (खेळात कुठवर पोहोचलो याची नोंद) विसरायला लागली, म्हणून मी या भानगडीत पडले. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह राहतो एसरॅम नावाच्या चिपमध्ये, आणि वीज गेली की ती चिप कोरी होते. मशीन बंद असताना तिची धुगधुगी टिकवायला आत एक ३ व्होल्टचा बटण सेल असतो, सीआर २०२५ नाहीतर सीआर १६१६. तो संपला की सेव्हही संपला. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर त्याच सेलवर घड्याळही चालतं, खेळा नाहीतर कपाटात ठेवा, रात्रंदिवस. त्यामुळे त्यांचा सेल घड्याळ नसलेल्या पोकेमॉन रेडपेक्षा आधी मान टाकतो. मल्टिमीटर लावला तर माझ्या गोल्डचा सेल २.६ व्होल्ट दाखवत होता.

त्यामुळे फ्लॅश कार्टच्याही आधी आला रीडर. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू नावाचं एक छोटं यंत्र मिळतं. ते यूएसबीने संगणकाला जोडायचं, वर कार्ट्रिज खोचायचं आणि फ्लॅशजीबीएक्स हा फुकट प्रोग्राम उघडायचा. आतला खेळ आणि सेव्ह, दोन्हींच्या फाइली हातात येतात. एक पथ्य मात्र पाळायचं. आधी कार्ट्रिजचे पितळी दिसणारे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचे. माझी काडी पहिल्या फेरीत काळीकुट्ट झाली, दुसऱ्या फेरीत करडी. लहानपणी आपण सगळ्यांनीच कार्ट्रिजमध्ये फुंकर मारली आहे; त्याने थुंकीचा ओलावा आत जातो आणि संपर्क आणखी गंजतात, एवढंच. पुसून झाल्यावर सेव्ह लागोपाठ दोनदा वाचायचा आणि दोन्ही फाइली सारख्या आहेत का ते पाहायचं. खेळाच्या फाइलची खात्री त्याहून सोपी, कारण प्रत्येक कार्ट्रिजच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, संपूर्ण रॉममधल्या (खेळ साठवलेल्या चिपेतल्या) बाइटांची बेरीज लिहिलेली असते. खुद्द गेम बॉय ती कधी तपासत नाही, पण हा प्रोग्राम तपासतो आणि जुळली की तसं सांगतो.

सेव्ह संगणकावर आले. पण मला ते एमुलेटरवर, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रामवर, नको होते, त्याच जाडजूड करड्या डब्यावर खेळायचे होते. तिथे फ्लॅश कार्टशिवाय गत्यंतर नाही.

आता खरेदी. जाहिरातीत मेन्यू किती रंगीत आणि खेळ किती मावतात हेच ठळक असतं. मेन्यू दिवसातून दहा सेकंद दिसतो, आणि गेम बॉयचा खेळ जास्तीत जास्त ८ एमबीचा, त्यामुळे कुठलंही कार्ड त्याला मोठंच पडतं. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच: हे कार्ट सेव्ह करतं कसं? काही कार्टांवर खेळात सेव्ह केल्यावर, मशीन बंद करायच्या आधी कार्टावरचं बटण दाबावं लागतं. विसरलात की सेव्हवर पाणी. काही कार्टं सेव्ह स्वतःच्या सेलवर धरून ठेवतात आणि पुढच्या वेळी मशीन चालू केलं की कार्डावर उतरवतात. म्हणजे ज्या दुखण्यापासून पळायचं तेच पुन्हा घरात. तिसरा प्रकार सेव्ह लगेच पक्का करणारा. मला हा तिसराच हवा होता, वर गोल्डसाठी घड्याळही. म्हणून एव्हरड्राइव्ह जीबी एक्स ७ घेतलं. क्रिक्झ या टोपणनावाने ओळखला जाणारा युक्रेनचा इंजिनिअर ही कार्टं बनवतो. निनटेंडोच्या जुन्या मशीनांपासून सेगाच्या मेगा ड्राइव्हपर्यंत त्याच्या एव्हरड्राइव्हची मोठी पिलावळ आहे. घड्याळासाठी यातही सेल आहे, पण तो संपला तर वेळ चुकेल, सेव्ह जाणार नाही.

कार्ट नक्की करण्यापूर्वी स्वस्तातले पर्यायही पाहिले होते. तिथे एक गोष्ट नीट कळली, ती सांगते. पहिला गेम बॉय १९८९ चा, आणि त्याचं सगळं कामकाज ५ व्होल्टवर चालतं. आजकालच्या मेमरी चिपा ३.३ व्होल्टच्या. दोघांच्या मध्ये व्होल्टेज जुळवणाऱ्या चिपा हव्यात. पैसे वाचवायला काही जण त्या गाळतात आणि ३.३ची चिप सरळ ५वर जोडून देतात. चालतं, चालतं म्हणूनच विकलं जातं. पण त्या चिपेला तिच्या मर्यादेबाहेरचं व्होल्टेज सतत सोसावं लागतं, आणि ताण मशीनच्या बाजूलाही येऊ शकतो. म्हणून मी प्रत्येक विक्रेत्याकडे कार्ट उघडून काढलेला बोर्डाचा फोटो मागितला. संपर्कांच्या लगत पुष्कळ पायांच्या लांबट चिपा ओळीने बसलेल्या दिसल्या की निम्मं काम झालं. दुसरं, बोर्डाची जी कड मशीनमध्ये शिरते ती तासून उतरती केलेली हवी. धारदार चौकोनी कड दर वेळी आतल्या पिना खरवडते. एका विक्रेत्याने फोटो द्यायचं टाळून ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं उत्तर पाठवलं. त्याचा नाद तिथेच सोडला. नकला एव्हरड्राइव्हच्याही निघतात, त्यामुळे शेवटी बनवणाऱ्याच्या अधिकृत वितरकाकडूनच मागवलं.

कार्डाचं फार काही नाही. मायक्रोएसडी कार्ड फॅट ३२ मध्ये (फाइली मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेलं लागतं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं बहुधा तशीच येतात, ६४ची एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीतून मोठ्या कार्डाला फॅट ३२ करू म्हटलं तर तो पर्यायच दिसत नाही. उगाच कशाला, लहान कार्ड घ्यावं. घेतल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासावं, कारण खोट्या क्षमतेची कार्डं सर्रास मिळतात आणि सेव्हसारखी वस्तू त्यांच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही. बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरचा फर्मवेअरचा (कार्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) फोल्डर सरळ कार्डावर, दुसऱ्या कुठल्या फोल्डरात न घालता टाकला, खेळ आपल्या फोल्डरांत टाकले, झालं.

झालं कसलं! कार्ट खोचलं, बटण सरकवलं, वरून लोगो उतरला, ‘टिंग’ झालं, मेन्यू आला. खेळ निवडला, पट्टी भरत गेली आणि मध्येच पुन्हा लोगो. पुन्हा मेन्यू, पुन्हा खेळ, पुन्हा लोगो. आता इथे एक गोष्ट ठाऊक असली तर शोध सोपा होतो. चालू झाल्यावर गेम बॉय कार्ट्रिजमधून लोगोचे ४८ बाइट वाचतो, तेच वरून खाली सरकताना दिसतात, आणि ते स्वतःकडच्या प्रतीशी ताडून पाहतो. संपर्क मळके असले तर लोगो फाटलेला येतो किंवा नुसता काळा आयत दिसतो, आणि मशीन तिथेच थबकतं. माझा लोगो दर वेळी स्वच्छ होता. म्हणजे कार्ट वाचलं जात होतं. घोटाळा विजेचा.

फ्लॅश कार्टच्या पोटात एफपीजीए असतो. ही अशी चिप की जिची आतली जोडणी हवी तशी बदलता येते, आणि ती जुन्या कार्ट्रिजमधल्या बँक बदलणाऱ्या, म्हणजे मोठा खेळ मशीनपुढे तुकड्यातुकड्याने ठेवणाऱ्या, चिपांचं सोंग घेते. शिवाय एसडी कार्ड. टेट्रिसचं मूळ कार्ट्रिज म्हणजे ३२ केबीची एक रॉम, तिची भूक चिमणीएवढी. हे कार्ट त्याहून बरीच जास्त वीज ओढतं, आणि खेळ कार्डावरून आत चढवताना तर सर्वांत जास्त. नव्या कोऱ्या चार सेलांनीही फरक पडेना. बॅटरीच्या पट्ट्यांवर मोजलं तर ६ व्होल्टला किंचित वर. मग दिवा बघत बसले. खेळ चढायला लागला की लाल दिवा क्षणभर मंद व्हायचा, अगदी निरखून पाहिलं तरच कळावं इतका. सेल भरलेले, तरी दिवा मंदावतो, म्हणजे वीज वाटेत कुठेतरी अडते आहे. आणि वाटेत काय आहे, तर सरकवायचं बटण.

इतक्या वर्षांत त्या बटणाच्या आतल्या पत्र्यांवर गंजाचा पापुद्रा धरतो. साध्या कार्ट्रिजला तेवढी वीज पुरते, म्हणून कधी लक्षात येत नाही. सेल काढून ठेवले आणि बटण नुसतंच पुढे-मागे, पुढे-मागे सरकवत राहिले. तेवढ्यानेच बराच फरक पडला. खेळ चढला, पण काही वेळाने पुन्हा रिसेट. मग मशीन उघडलं. स्क्रू तीन फाट्यांचे असतात, त्यांना वेगळा पेचकस लागतो. बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पुन्हा तीच सरकवासरकव केली. मागचं आणि पुढचं कवच एका चपट्या केबलने जोडलेलं आहे, ते झटक्यात ओढू नये. वाळवून जोडल्यापासून एकदाही रिसेट झालेलं नाही. ‘माझं फ्लॅश कार्ट खराब आलं’ म्हणून परत पाठवण्याच्या बेतात असाल तर आधी हे करून बघा.

सेव्ह चढवणं त्यामानाने किरकोळ. सेव्हच्या फाइलचं नाव खेळाच्या फाइलच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, एका मोकळ्या जागेचाही फरक चालत नाही. गोल्डची फाइल बरोबर ३२,७६८ बाइटची हवी. काही प्रोग्राम शेवटी घड्याळाची नोंद जोडतात आणि ती ४८ बाइटने फुगते. मी घड्याळाविनाच काढली आणि खेळात वेळ नव्याने लावली. ‘कंटिन्यू’वर माझं नाव, पदकं, खेळलेले तास, सगळं जसंच्या तसं. आधी जाऊन बॉक्समधले पोकेमॉन मोजले!

या कार्टात सेव्ह स्टेटची सोय आहे, म्हणजे खेळाच्या मध्यात कुठेही थांबून तो क्षण साठवता येतो. लढाईआधी वापरायला मजा येते. पण सांभाळायचा ऐवज म्हणून मी खेळातला सेव्हच धरते, कारण ती फाइल रीडरवर, एमुलेटरवर, दुसऱ्या कार्टावर कुठेही चालते. स्टेटचं तसं नाही. अधूनमधून सेव्हचा फोल्डर संगणकावर उतरवून ठेवते, फर्मवेअर बदलायच्या आधी तर न चुकता.

सगळंच या कार्टावर होत नाही, हेही लक्षात असू द्या. गेम बॉय कॅमेऱ्याची भिंग-सेन्सरची जोडी कार्ट्रिजमध्येच असते, ती फाइलमध्ये कशी येणार? मशीन तिरकं करून चेंडू घरंगळवायचा कर्बीचा खेळ आहे, त्याचंही तेच. अशा दोन-चार मूळ कार्ट्रिजांना पर्याय नाही.

खेळ आणायचे कुठून, हे प्रत्येकाने आपापलं बघावं. स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत काढण्याबाबत प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. निनटेंडो डीएसच्या आर४ कार्टांवर तर निनटेंडोने खटले भरले आणि ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने २०१०मध्ये त्यांची विक्री बेकायदा ठरवली. माझ्या कार्डावर माझ्या कार्ट्रिजांतून काढलेले खेळ आहेत आणि हौशी लोकांनी अलीकडे नव्याने बनवून फुकट दिलेले. या दुसऱ्या जातीत खजिना आहे. टोबू टोबू गर्ल २०१७चा, नुसत्या उड्या मारत वर जायचा खेळ. जुन्या हिरवट पडद्यावर खेळल्याशिवाय त्याची लय कळत नाही. जीबी स्टुडिओ आल्यापासून कोड न लिहिताही लोक खेळ बनवतात, आणि ते खऱ्या मशीनवर चालवून पाहायला फ्लॅश कार्ट हाच जवळचा रस्ता.

मूळ गोल्डचा सेलही शेवटी बदलला. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा पेचकस लागतो. नवा सेल पत्र्याचे कान आधीच जोडलेला घ्यायचा, सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही, आणि बोर्डावरची अधिकची खूण पाहूनच बसवायचा. जुना सेल काढताच सेव्ह पुसला जातो. तो रीडरने परत आत लिहिला, आणि आता गोल्ड स्वतःच्या कार्ट्रिजमधूनही पहिल्यासारखं चालतं.

गेम बॉय ॲडव्हान्सवाल्यांचं गणित निराळं आहे. त्याची कार्ट्रिजं ३.३ व्होल्टची, फ्लॅश कार्टंही वेगळी. आणि पोकेमॉन रुबी किंवा सफायर सुरू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरू नका, त्यांच्यात सेल फक्त घड्याळाला लागतो. सेव्ह फ्लॅश चिपमध्ये असतो, तो जागच्या जागी असेल.