अंगणातले नोंदवाचन

नाताळच्या सुट्टीत इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या मुलांसाठी तीन निसर्गफेऱ्या निघतात. पहिली सिरपूर तलावावर, दुसरी रालामंडलच्या टेकडीवर आणि तिसरी यशवंत सागरावर. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी कार्यालयामागच्या अंगणात मेळावा भरतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि अहवाल हे सारे दरवर्षीप्रमाणे रीतसर पार पडते. मी मात्र वाट पाहत असतो ती त्यानंतरच्या नोंदवाचनाची.

नोंदवाचनाचा नियम एकच आहे: मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगायचे, पुस्तकातले नाही, आणि तेही मराठीत. आमची बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी शाळांत शिकतात, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होऊन अर्ध्यावर हिंदीत वळते. मग मूल थांबते, आठवते आणि पुन्हा मराठीत येते. त्या थांबण्याने माझा कंठ दरवर्षी दाटून येतो. सिरपूरला पाहिलेल्या हळदीकुंकू बदकाबद्दल चौथीतल्या एका मुलीने वाचले होते की, त्याच्या चोचीच्या टोकाशी पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असतो, म्हणून ते बाराही महिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालेले दिसते. त्या पक्ष्याचे हे नाव तिच्या आईलाही ठाऊक नव्हते. हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे चक्रवाक, चपट्या चोचीने पाणी गाळणारा थापट्या, लांब लाल पायांचा शेकाट्या ही नावे इंदूरच्या अंगणात मुलांच्या तोंडून ऐकताना मला जे समाधान मिळते, ते मंडळाच्या दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमात मिळत नाही.

त्याहूनही मनात राहिला तो एक सातवीतला मुलगा. रालामंडल हे होळकरांच्या शिकारगाहीचे डोंगर, १९८९ साली अभयारण्य झालेले. सगळे चितळांच्या मागे असताना हा मुलगा पायथ्याच्या वडाखाली उभा राहिला आणि कोवळ्या उन्हात शेंड्यावर बसलेला हिरवट-पिवळा थवा त्याने मोजला. त्याने वाचले, “हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि दूधराज मध्य प्रदेशाचा. मला हरियाल दिसला, पण वड इंदूरचा होता.” पहिल्या रांगेतल्या आजी पदराने डोळे पुसत होत्या, आणि पुढच्या नोंदीला टाळ्या कोणी वाजवल्या हे मला आठवत नाही.

सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळे २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आली, याचा आम्हाला अभिमान आहे. सिरपूर तलाव वाचावा म्हणून पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झटले, हे मुलांना आम्ही दर फेरीच्या आरंभी सांगतो. यशवंत सागराच्या काठच्या शेतांत सारसाची जोडी दिसली की बोलकी मुलेही गप्प होतात.

एक खंत लिहिल्यावाचून राहवत नाही. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला अंगण अपुरे पडते, पण डिसेंबरच्या थंडीत सकाळी सहाला नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मेही येत नाहीत. बस भाड्याने ठरलेली असते, पोहे मोजून भिजवलेले असतात. ज्यांनी मुलांना दुलईतून उठवून आणले, त्यांच्याविषयी मला म्हणूनच विशेष आदर वाटतो.

मदत करणाऱ्यांनी नावे छापू नयेत असे बजावले आहे, म्हणून कामावरूनच आठवतो. मराठी आणि हिंदी नावांची वही तयार करणाऱ्या निवृत्त विज्ञानशिक्षिका बाई, आपली दुर्बीण मुलांच्या गळ्यात निर्धास्तपणे अडकवणारे बँकेतले काका, पहाटे चारला पोह्यांचा कांदा चिरायला बसणाऱ्या तिघी काकू, जिलेबी गरम राहावी म्हणून डबा मांडीवर घेऊन येणारा त्यांचा भाचा, धुक्यात बस सांभाळून नेणारे चालक भैया, अभयारण्याच्या फाटकावर मुलांना हळू आवाजात बोलायला शिकवणारे वनरक्षक, आणि सर्वांच्या आधी कार्यालयाचे कुलूप काढणारे चौकीदार दादा. औषधांची पेटी घेऊन रांगेच्या शेवटी चालणाऱ्या डॉक्टर ताईंचा उल्लेख गेल्या वर्षीच्या अहवालात राहून गेला होता. त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण ती चुटपुट मला वर्षभर होती.

यंदाची पहिली फेरी २५ डिसेंबरला आहे. बस कार्यालयासमोरून पावणेसहाला सुटेल आणि वहीची कोरी पाने बाईंनी आधीच आखून ठेवली आहेत.