फ्रिजखालचं पीठ

फ्रिजला मागच्या बाजूला पाण्याचा ट्रे असतो, हे आमच्या घरात फक्त आईला माहीत होतं. मला ते कळलं महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या ताईंमुळे. पावसाळ्यात त्या घरोघर फिरतात, कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंपं, कूलर बघतात. आमच्याकडे त्यांनी आल्या आल्या विचारलं, "काका, फ्रिजचा ट्रे शेवटचा कधी धुतलात?" मग भिंत आणि फ्रिज यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारला, "सरकवल्याशिवाय नाही दिसायचं" म्हणाल्या आणि शेजारच्या दाराकडे वळल्या.

त्या दारातच जे दोन मिनिटं बोलल्या ते मात्र डोक्यात बसलं. डेंग्यूचा डास घाण पाण्यात होत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. पाणी आटलं तरी ती अंडी तिथं महिनोन्महिने चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणजे ट्रेमधलं पाणी नुसतं ओतून दिलं की झालं, असं नाही. कडा घासायला लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे त्या दिवशी साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. आपण हे डबक्यांबद्दल ऐकतो, स्वयंपाकघराबद्दल ऐकत नाही.

ठरवलं, आता फ्रिज काढायचाच आहे तर ओट्यावरचं आणि ओट्याखालचं सगळंच हलवू. बायको म्हणाली, "हलव, पण सगळं एकदम बाहेर काढू नकोस, रात्री जेवायचंय." हा सल्ला सोन्यासारखा निघाला. एका वेळी एकच वस्तू काढायची, तिची जागा पुसून वाळवायची, वस्तू परत ठेवायची आणि मगच पुढची.

डबल डोअर फ्रिज ओढायचा एक प्रकार आहे. पुढच्या बाजूला खाली फिरवायचे दोन पाय असतात. ते वर घेतले की फ्रिज चाकांवर येतो आणि सरळ बाहेर येतो. पाय न उचलता ओढलात तर फरशीवर दोन चरे उमटतात आणि जन्मभर बघत बसावं लागतं. आधी प्लग काढायचा, आतल्या बाटल्या काढून ठेवायच्या, फ्रिज आडवा-तिरपा न करता उभाच सरकवायचा. परत ठेवताना पुढचे पाय इतपत खाली घ्यायचे की फ्रिज किंचित मागे झुकेल, म्हणजे दार आपोआप लागतं. आमचं दार कित्येक महिने हाताने दाबून लावायला लागत होतं, त्याचं कारण हेच होतं.

मागे जे दिसलं त्याने मी थक्क झालो. धूळ असेल, जळमटं असतील, एखादं झुरळ असेल, इतकी तयारी होती. तिथं होतं पीठ. मोटरवर, तिच्या आजूबाजूच्या तारांवर, खालच्या पत्र्यावर राखाडी रंगाचा मऊ थर, नमद्यासारखा जाड. बोटाने सोलला तर पापुद्रा निघाला. वर धूळ आणि आत पांढुरकं पीठ. ट्रेच्या कडेला तेच पीठ भिजून, आंबून, वाळून घट्ट बसलेलं. वास म्हणाल तर शिळ्या आंबोळीचा.

कारण शोधायला फार लांब जायला लागलं नाही. फ्रिजच्या उजव्या अंगाला आमची घरघंटी. आई दर आठवड्याला गहू, ज्वारी आणि कधी भाजणी दळते. दळण संपल्यावर डबा काढताना जो पिठाचा ढग उठतो, तो बसायला जागा शोधतो. आमच्या फ्रिजला मागे मोटरजवळ पंखा आहे आणि पंखा हवा ओढतो. म्हणजे दर दळणाला चिमूटभर पीठ आम्ही नेमाने फ्रिजच्या पोटात घालत होतो. भाजणीतले पदार्थ भाजलेले, त्यामुळे थरात मधेच तपकिरी रेघ होती. ती मी आईला दाखवली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "ही दिवाळीची."

हा थर काढायला पाणी वापरू नये. पीठ ओलं झालं की खळ होते. आधी कोरडा, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरची चपटी नळी, मग घट्ट पिळलेलं फडकं. तांब्याच्या बारीक नळ्यांना ब्रश जोरात लावायचा नाही आणि त्यात टोकदार काही खुपसायचं तर अजिबातच नाही. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमधला वायू ज्वलनशील असतो. जुन्या फ्रिजना मागे काळी जाळी असायची, नव्यांत ती बाजूच्या पत्र्यांच्या आत गेली आहे, म्हणून नवा फ्रिज बाजूने गरम लागतो. त्या उष्णतेला बाहेर पडायला जागा हवी. आम्ही एका बाजूला घरघंटी आणि दुसऱ्या बाजूला रद्दीचा गठ्ठा, असा त्याचा श्वास कोंडला होता.

आमचा ट्रे मोटरच्या वर स्क्रूने बसवलेला होता, काही फ्रिजना तो ओढून निघतो. डीप फ्रीजमधलं वितळलेलं पाणी नळीने त्यात येतं आणि मोटरच्या उष्णतेने उडून जातं, अशी ती सोय. गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन कडा घासल्या. स्क्रू काढणं जमत नसेल तर स्पंजने पाणी टिपून, ट्रे जागेवरच घासून पुसता येतो. सगळं झाल्यावर प्लग लगेच लावू नये, पाच-दहा मिनिटं थांबावं.

झुरळं होतीच. लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली. ही गटारातली नाहीत, ही घरातच राहणारी. त्यांना ऊब, पाणी आणि अन्न एका ठिकाणी मिळालं की ती जागा सोडत नाहीत. फ्रिजच्या मागे मोटरची ऊब, ट्रेमधलं पाणी आणि वर आमचं ताजं पीठ! मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे घेऊनच फिरते आणि एका पिशवीत तीसेक अंडी सहज असतात. म्हणून समोर दिसलेली चार मारून काही होत नाही. स्प्रे मारला की ती पांगतात आणि ट्रॉल्यांच्या मागे जातात. त्यापेक्षा सिरिंजमधून येणाऱ्या, झुरळं मारायच्या जेलचे मोहरीएवढे ठिपके बिजागऱ्यांजवळ आणि फटींत लावणं बरं, पण ते साफसफाई झाल्यावर. आधी लावलं तर पीठ असताना जेल कोण खाईल? आणि जेल लावलं की तिथं स्प्रे मारायचा नाही, वासाने झुरळं त्या ठिपक्यांकडे फिरकत नाहीत.

शेगडीखालची घाण निराळ्याच जातीची. तिथं पीठ नाही, तिथं तेल. फोडणीची वाफ वर जाते असं आपल्याला वाटतं, पण बरीचशी आसपासच बसते. रोजच्या उष्णतेने ते तेल घट्ट होत जातं आणि शेवटी त्याचं पिवळं-तपकिरी रोगण होतं. नखाने खरवडलं तरी निघत नाही, फडक्याने पुसलं तर फडकंच चिकटतं. आईचा शब्द "मेचट", आणि त्याच्याइतका चपखल दुसरा मला सापडला नाही.

इथं रेग्युलेटर बंद करून मगच हात घालायचा. शेगडी उचलली तर तिच्या चार रबरी बुचांनी ग्रॅनाइटवर चार काळी वर्तुळं करून ठेवलेली. आतल्या पत्र्यावर उतू गेलेल्या दुधाचे करपलेले ओघळ आणि त्यात रुतून बसलेली मोहरी. या चिकट्यावर आम्ही सुरुवातीला खाण्याचा सोडा वापरला, कारण इंटरनेटवर जो तो तेच सांगतो. त्याने घासायला मदत होते, पण जुनं तेल सुटत नाही. धुण्याचा सोडा जास्त तिखट. गरम पाण्यात कालवून त्याचं फडकं चिकट्यावर वीस मिनिटं नुसतं पसरून ठेवलं तर तेलाचा साबण होऊ लागतो आणि मग प्लास्टिकच्या उलथन्याने ते लोण्यासारखं निघून येतं. घासण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं, पण मला थांबायचाच कंटाळा, म्हणून ती वीस मिनिटं चहाची धरली. हातमोजे मात्र घालावेत, आणि ॲल्युमिनियमला हा सोडा लावू नये, ते काळं पडतं.

पितळी बर्नर लिंबाच्या गरम पाण्यात टाकून ठेवले, मग ब्रश मारला. खडखडीत वाळल्याशिवाय परत बसवायचे नाहीत, नाहीतर ज्योत पिवळी येते आणि भांडी काळी होतात. आणि एक गोष्ट मी ठासून सांगतो: खालच्या जेटच्या भोकात टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की गॅसचं माप बिघडतं. ते काम शेगडी दुरुस्त करणाऱ्याचं.

शेगडी हलवली म्हणून रबरी नळी पहिल्यांदा नीट बघितली. तिच्यावर तारीख छापलेली असते. नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि आमची त्या मुदतीच्या अगदी काठावर होती. मागच्या बाजूने तिच्यावरही तोच मेचट थर होता, त्यामुळे भेगा असत्या तरी दिसल्या नसत्या. नवी घातली. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, आमच्या सोसायटीतही आहेत. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं एकही बटण दाबायचं नाही आणि बाहेर जाऊन गॅसगळतीचा मदत क्रमांक १९०६ लावायचा.

ओट्याखाली सिलिंडरच्या जागी गंजाचं गोल कडं. ओटा ग्रॅनाइटचा असला तरी खालचे कप्पे कडप्प्याचे, बहुतेक जुन्या इमारतींत असतात तसे. गंजावर लिंबू किंवा व्हिनेगर चालतं, पण कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला आंबट सोसत नाही. कोपऱ्यात एक थेंब टाकून बघितला. पुसल्यावर तेवढ्या जागेची चकाकी गेली होती. म्हणून साबणाने जेवढं निघालं तेवढं काढलं, बाकीचं कडं तसंच ठेवलं आणि सिलिंडरला चाकांची गाडी आणली. बायको तर संडास धुवायचं ॲसिड सुचवत होती. ते दगडाचा सत्यानाश करतं, आणि ब्लीच असलेल्या लादी पुसायच्या द्रावणात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो प्रयोग कुणी करू नये.

मिक्सरचं फार काही नाही. खालचे रबरी पाय आणि भांड्याच्या बुडाखालचं दातेरी चाक, या दोन जागा टूथब्रशने घासल्या की झालं. त्या चाकाभोवती काळा चिकट गोल जमतो, त्यात चटणीपासून इडलीच्या पिठापर्यंत सगळं असतं. मायक्रोवेव्हखालून एक हरवलेलं मापाचं भांडं निघालं. वॉटर प्युरिफायर भिंतीवरून उतरवायच्या फंदात मी पडलो नाही.

खरा वाद घरघंटीवरून झाला. ती फ्रिजपासून हलवायची यावर माझं आणि बायकोचं एकमत, आईचं नाही. "दळताना मला ओट्यावर सूप-चाळण हाताशी लागते," हे तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. बाल्कनीत ठेवावी तर पावसाचं झोडपं येतं. शेवटी ती हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीखाली गेली. तिच्या स्वतःच्या बुडाखालीही पाहण्यासारखं होतं: चाकांत अडकलेली पिठाची ढेकळं आणि त्यात जाळी करून राहिलेल्या अळ्या. डब्यातल्या पिठाला वारंवार जाळी का लागते, म्हणून आई गव्हाला आणि वाण्याला दोष देत होती. आता दळून झालं की यंत्र पुढे ओढायचं, मागे-खाली कोरडा ब्रश फिरवायचा, मग जागेवर. हे आईनेच ठरवलं आणि ब्रशही स्वतःच्या ताब्यात ठेवलाय.

हॉलमध्ये दळण म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवायला लागतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं, की तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का. आईने त्यांना बसवून घेतलं, भाजणीचं थालीपीठ खायला घातलं, आणि आता त्यांचे दोन किलो गहूही आमच्याकडेच येतात.