तुम्ही विचारलंत म्हणून: सी अर्चिनला पण उकडतं का?

घरी येणारा प्रत्येक जण माझ्या सी अर्चिनच्या, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या समुद्री प्राण्याच्या टँकसमोर उभा राहतो आणि हेच विचारतो, मे महिन्यात तर हमखास, कारण पंखा पाहुण्यांवर नाही, टँकवर लावलेला असतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, उकडतं की नाही ते तोच जाणे, त्याला मेंदूच नाहीये, पण पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग गरम, घाम वगैरे भानगडच नाही. आणि पाणी तापलं की त्याचं शरीर जोरात चालायला लागतं, ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी पडतो. खाऱ्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम मावतो, ३० ला सव्वासहा.

समुद्र तापायला वेळ लागतो हो, माझ्या २०० लिटरला एक दिवस पुरतो. एकदा आमच्या गंगापूर रोडला सकाळी दहाला लाईट गेली ती संध्याकाळीच आली, पाणी गार ठेवणारा चिलर बंद, पंप बंद, मी सातपूरला कामावर. घरी आलो तर थर्मामीटर ३० दाखवतोय आणि तळाला काळ्या काट्यांचा सडा, खराट्याच्या काड्या सांडाव्यात तसा. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पण एकेक करून, एकदम गार केलं असतं तर तो आणखी एक झटका. वाचला बिचारा, काटे परत यायला मात्र महिने गेले.

पण खरी गोष्ट पिल्लांची आहे. ऑस्ट्रेलियात एक लांब काट्यांचा अर्चिन आहे, त्याच्या अळ्या १२ अंशाखाली नीट वाढत नाहीत, म्हणून दक्षिणेकडच्या तस्मानिया बेटाचा हिवाळा त्यांना आडवा यायचा. मग पूर्व किनाऱ्याचा गरम प्रवाह आणखी दक्षिणेला पोचायला लागला, हिवाळ्यातलं पाणी १२ च्या वर राहायला लागलं, १९७८ मध्ये तिथे पहिला अर्चिन दिसला आणि आता त्यांनी केल्पची, म्हणजे मोठाल्या समुद्री शेवाळाची जंगलं खाऊन कित्येक ठिकाणी नुसता खडक ठेवलाय. म्हणजे गरमीने अर्चिन मेला नाही, उलट मोकाट सुटला!

हे सांगितल्यावर बहुतेक लोक चहाकडे वळतात. निफाडचा माझा द्राक्षवाला मित्र तेवढा थांबला, पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवणारा माणूस तो, त्याला एका अंशाची किंमत समजवावी लागत नाही. त्याने एवढंच विचारलं, मग ते लोक काय फवारतात? म्हटलं काही नाही रे, डायव्हर खाली उतरून हाताने वेचतात आणि आतला पिवळा गर विकतात.