आमची वाटचाल : खडकात अडकलेल्या थेंबामागे

आमची सुरुवात धुलाईच्या रसायनांपासून झाली. साबणाची पावडर बनवणाऱ्यांना आम्ही सल्फोनेट, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं रसायन, पुरवायचो. एक दिवस तेलक्षेत्रात उमेदीची वर्षं घालवलेले एक अभियंते आमच्याकडे आले आणि त्यांनी विचारलं, ‘कापडातलं तेल सोडवता, खडकातलं सोडवाल का?’ त्या प्रश्नानं आमच्या धंद्याची दिशा बदलली.

विहिरीतून आपोआप वर येणारं तेल आणि पाणी दाबून ढकललेलं तेल, दोन्ही मिळून सहसा साठ्याचा एक तृतीयांश भाग हाती लागतो. उरलेलं खालीच राहतं. ते तळ्यासारखं साठलेलं नसतं. खडकाच्या केसाहून बारीक छिद्रांत थेंबाथेंबानं अडकलेलं असतं, आणि दाबलेलं पाणी त्याला वळसा घालून निघून जातं. थेंबाला धरून ठेवतो तो तेल आणि पाणी यांच्यामधला ताण. हा ताण साधारण २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. थेंब सुटायचा तर तो ०.००१ च्या घरात आणावा लागतो. आमच्या धुलाईच्या मालानं तो जेमतेम १ पर्यंत उतरायचा. कापडाला तेवढं पुरतं, खडकाला नाही.

इतका कमी ताण मोजायला फिरत्या थेंबाचं यंत्र लागतं. ते घेण्याची आमची ऐपत नव्हती. मग आम्ही काचेच्या पिपेट, म्हणजे मापाच्या बारीक नळ्या, आणल्या, त्यांची खालची टोकं ज्योतीवर वितळवून बंद केली आणि प्रत्येकीत तेल, सर्फॅक्टंट (आमच्या सल्फोनेटसारखं, ताण उतरवणारं रसायन) आणि चढत्या क्रमानं खारं होत जाणारं पाणी भरलं. मीठ कमी असलं की सर्फॅक्टंट पाण्यात राहतो, फार झालं की तेलात शिरतो. मधल्या एखाद्या नळीत मात्र तेल आणि पाण्याच्या मध्ये तिसरा, धुरकट तपकिरी थर उभा राहतो. हे मायक्रोइमल्शन, म्हणजे सर्फॅक्टंटनं तेल आणि पाण्याचं केलेलं एकजीव मिश्रण. संशोधक चुन हू यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, सर्फॅक्टंटच्या दसपट तेल या थरात मावलं तर ताण ०.००३ च्या आसपास आला असं धरता येतं. पहिल्यांदा तो थर दिसला तेव्हा आम्ही नळी उजेडासमोर धरून कितीतरी वेळ नुसते पाहत राहिलो होतो.

पण तो थर आम्ही शुद्ध मिठाच्या पाण्यात मिळवला होता. ग्राहकानं त्याच्या क्षेत्रातलं पाणी पाठवलं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. आमच्या सल्फोनेटचा तासाभरात साका बसला. माल परत आला, आणि तो परत येणं रास्तच होतं. मग इथॉक्सी सल्फेट हे दुसऱ्या जातीचे सर्फॅक्टंट घेतले. ते कठीण पाण्याला दाद देत नाहीत, पण साठ्याच्या उष्णतेत हळूहळू तुटतात. ९० अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवड्यांतच त्यांनी मान टाकली.

आयनिक लिक्विडकडे वळलो ते या अडचणीतून. ही मिठंच, पण १०० अंशांच्या आत वितळणारी. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये असं एक मीठ नोंदवलं होतं, अवघ्या १२ अंशांना वितळणारं. इमिडाझोलियम या नायट्रोजनयुक्त, धनभारित कड्याला कार्बनची लांब शेपटी जोडली की तेच सर्फॅक्टंटसारखं वागू लागतं, आणि मीठ व उष्णता दोन्ही सोसतं. उत्साहाच्या भरात आम्ही ते आमच्या सल्फोनेटमध्येच ओतलं. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या! एकाचा भार धन, दुसऱ्याचा ऋण. दोघं एकमेकांना बिलगून खाली बसले. वालुकाश्मातही तोच घोळ झाला, कारण त्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि धनभारित आयनिक लिक्विड त्यालाच चिकटून संपतं.

चुनखडकात मात्र त्याचं खरं काम दिसलं. तेलातली आम्लं चुनखडकाला घट्ट धरून बसतात, त्यामुळे खडक पाण्याला आत घेत नाही. आयनिक लिक्विडचा धन आयन त्या आम्लांशी जोडी जमवून त्यांना खडकावरून सोडवतो. तेलानं भिजलेला चुनखडकाचा तुकडा आम्ही काचेच्या पात्रात द्रावणात बुडवून ठेवला. पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खडकाच्या अंगावर घामासारखे काळे ठिपके फुटले होते. ते फुगत गेले, सुटले आणि वरच्या नळीत एकेक करून जमा झाले. नुसत्या खाऱ्या पाण्यातला शेजारचा तुकडा तसाच, एकही थेंब न सोडता बसला होता.

आयनिक लिक्विड एकट्यानं ताण ०.००१ पर्यंत उतरवत नाही, आणि त्याचा भाव साध्या सर्फॅक्टंटच्या कितीतरी पट असतो, हे आम्ही ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगतो. म्हणून ते आम्ही थोड्या प्रमाणात, भाररहित सर्फॅक्टंटच्या जोडीनं देतो. टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे फ्लोरिनयुक्त ऋण आयन असलेले प्रकार आम्ही ठेवतच नाही, कारण गरम पाण्यात त्यांच्यापासून घातक हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. शेपटी जितकी लांब तितका जलचरांना धोका जास्त. म्हणून तेलाबरोबर वर येणारं पाणी कुठं जाणार, हे विचारल्याशिवाय आम्ही मिश्रण ठरवत नाही.

आता ग्राहकाचं तेल, त्याचं पाणी आणि त्याच्याच खडकाचा तुकडा हाती आल्याशिवाय आम्ही दर देत नाही. घाईतल्या काही ऑर्डर त्यापायी गेल्या. सध्या ओव्हनमध्ये एका चुनखडकाच्या साठ्यासाठी चोवीस नळ्या उभ्या आहेत. आज सकाळी पाहिलं तेव्हा त्यातल्या सतरा अजून नितळ, म्हणजे साका न बसलेल्या, होत्या.