जिभेची साक्ष

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पाट्या दिसू लागतात, 'चुलीवरचं जेवण'. ना भाजीचं नाव, ना भाव. नुसती चूल. तेवढ्यावर गाड्या थांबतात. "चुलीवरचं वायलंच लागते बावा," असं म्हणत माणसं बोटं चाटतात. लागतं खरं. पण धूर जातो चुलीपुढच्या बाईच्या छातीत आणि चव जाते पाहुण्याच्या ताटात, हे त्या जिभेला कुठून कळणार? शिवाय चुलीच्या नावावर खपणारी निम्मी चव वेळेची असते. मंद आचेवर तासभर रटरटलेलं वरण गॅसवरही चांगलंच लागेल. पण गॅसवर तासभर कोण ठेवतं? सिलिंडरचा भाव आठवतो.

स्वयंपाक साधला की बिघडला, हे ठरवणारा घरोघरी एकच तपासनीस असतो. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा आणि चाटायचा. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं. सासर अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं, ज्वारी-कापसाचं. दोन्हीकडच्या बाया या तपासनिसावर डोळे मिटून विसंबतात. मी मात्र अलीकडे त्याची उलटतपासणी घेऊ लागले आहे.

काही बाबतींत त्याची साक्ष पक्की असते. पितळी पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक राहिलं, की एका घोटात तोंड वाकडं होतं. कळकलं! आंबटानं पितळेतलं तांबं ओढून घेतलेलं असतं. कल्हईवाला यायचा तेव्हा नवसागराचा तो नाकात झोंबणारा पांढरा धूर आणि कथिलाची चांदीसारखी फिरत जाणारी लकेर बघायला आम्ही पोरं गोल करून बसायचो. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून भात्याच्या निखाऱ्यावर त्याचं काम भागायचं. आता सगळीकडे स्टील. जिभेचं तेवढं काम कमी झालं.

अंबाडीचंही तसंच. पाला उकळायचा, पिळायचा, पाणी फेकायचं, मग ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून घोटायचा. तोंड आंबू नये म्हणून, एवढंच कारण सासूबाई सांगतात. त्या पाण्यात ऑक्झॅलेटही उतरतं. ते कॅल्शियम धरून बसतं आणि मुतखडा असलेल्याला तर नकोच असतं. म्हणजे जिभेनं बरोबर हेरलं. पण त्याच पाण्यातून 'क' जीवनसत्त्वही मोरीत जातं, त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. वरून लसणाचं कडकडीत तेल ओततात, ते मात्र चवीचं चवीला आणि कामाचं कामाला. पाल्यातलं कॅरोटीन तेलाच्या सोबतीशिवाय नीट अंगी लागत नाही.

रोडग्यांपाशी साक्षीदार थोडा फितूर होतो. मारोतीच्या देवळामागे गोवऱ्यांचा आर पडला आहे, जाडसर कणकेचे गोळे राखेत गाडले आहेत, बाजूला वांग्याची भाजी उकळते आहे. रोडगा काढून राख झटकली, फोडला, तूप सोडलं, की पहिला हात जातो तो त्या खरपूस, जागोजाग काळ्या पडलेल्या कवचाकडे. आतला भाग ओलसर असल्यानं शंभर अंशांच्या पुढे जात नाही. कवच वाळतं, खूप तापतं आणि तिथेच तो वास जन्मतो. पिठातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे १४० अंशांच्या आसपास एकमेकांना झपाट्यानं भिडतात, रंग येतो, दरवळ सुटतो. त्याच धामधुमीत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं अपायकारक रसायनही तयार होतं. पिष्टमय पदार्थ तळल्या-भाजल्यावर ते बनतं आणि उकडल्यावर सहसा बनत नाही, हे २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. जेवढा रंग काळपट, तेवढं ते जास्त. जिभेला दोन्ही एकाच ताटात हवे असतात. वर्षाकाठी होणाऱ्या रोडग्यांसाठी मी हिशेब मांडत बसत नाही. कोळसा झालेला पापुद्रा तेवढा खरवडून टाकते. "इतकं काहून खरवडून राहिली? तेच तर गोड लागते," असं कुणीतरी म्हणतंच.

सोड्याचं प्रकरण आमच्या पट्ट्यातलं खास. बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. दाणा टणक राहतो, वर पाणी तरंगतं. मग चिमूटभर खाण्याचा सोडा पडतो आणि डाळ लोण्यासारखी मऊ होते. जीभ खूश. सोड्यानं डाळीतलं 'ब१' जीवनसत्त्व बऱ्यापैकी मारलेलं असतं, याचा तिला पत्ताच नसतो. घरात कुकर आल्यावर मी सोड्याची डबी मागच्या फळीवर ढकलली. आतलं पाणी १२० अंशांच्या जवळ पोचतं आणि हट्टी डाळही नमते. गोडं पाणी मिळालं तर ते आधी डाळीला, मग चहाला.

खरा धोका आहे तो भातात, आणि माझं माहेर धानाचं असल्यानं हे बोलताना जरा जड जातं. तांदळासोबत बॅसिलस सेरियस नावाचे जंतू येतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात शिजतो, ते राहतात. पुढे भात कोमट होऊन पडून राहिला की ते उगवतात, वाढतात आणि एक विष सोडतात. तीस ते चाळीस अंश ही त्यांची सुगी. आता मे महिन्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवा. बाहेर पंचेचाळीस, आत पत्र्याखाली रात्रीसुद्धा पस्तीस. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला यंत्रात जेवढी ऊब तयार करावी लागते, ती आमच्याकडे फुकट. रात्रीचा भात झाकून ठेवला, सकाळी मोहरी, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून खमंग फोडणीचा भात केला. जिभेनं शिफारस केली. पण ते विष उकळूनही मोडत नाही, फोडणीला तर ते जुमानतही नाही. वासात, चवीत काहीच कळत नाही. दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या की घरचे म्हणतात, ऊन लागलं. शिळी भाकरी त्या मानानं सज्जन. कोरडी असल्यानं जंतूंना तिच्यात फारसं पाणी सापडत नाही. उरलेला भात मी परातीत पातळ पसरून निववते आणि लगेच फ्रिजमध्ये ढकलते. वीज गेलेल्या रात्रीचा भात सकाळी कुणाला वाढत नाही, यावरून बोलणी खाल्ली तरी.

आणि जिथे जीभ पूर्ण मुकी होते ती लाखोळी, आमच्या धानाच्या पट्ट्यातली एक डाळ. धान कापणीला यायच्या सुमारास ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फेकली की काही न करता उगवते, पाऊस नसला तरी टिकते. म्हणूनच दुष्काळात तीच उरायची, आणि महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली की माणसांचे पाय लुळे पडायचे. त्याला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ साली केंद्रानं विक्रीला मनाई केली तरी आमच्या बांध्यांतून ती हटली नाही. आता कमी विषाचे रतन, प्रतीक असे वाण आले आहेत. चव कशी? तुरीहून गोडसर, वडे तर फारच खुसखुशीत. कडूपणा नाही, वास नाही, इशाऱ्याची खूणच नाही. ते विष पाण्यात विरघळतं, हाच काय तो आधार. गरम पाण्यात भिजवायची, पाणी फेकायचं, पुन्हा भिजवायची. माझी आजी हे करायची, का ते विचारलं की म्हणायची, "कराचं असते म्हून."

एकदा माहेरून आलेल्या लाखोळीचे वडे मी सासरी केले. सासूबाईंनी पहिला घाणा संपवला, दुसऱ्यातलेही उचलले आणि मग विचारलं, "कायचे होय हे?" सांगितल्यावर हातातला वडा तसाच थांबला.

"पाणी फेकलं होतं ना माय?"

"फेकलं होतं."

"किती डाव?"

सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि ठेच्याची वाटी पुढे ओढली.