बाबांचा गुडघा

पहाटे बाबांनी हाक मारली. उजवा गुडघा टम्म सुजलेला, हात लावला तर गरम. अंगावरची चादरसुद्धा सोसवेना. घरात डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी होती. हात तिकडे गेलाही, पण थांबला. सहा वर्षांपूर्वी बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि सोबत टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

डॉक्टरांनी आधी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. युरिक ॲसिड वाढलेलं माहीत होतं, मग सुई कशाला, असं मला वाटलं. पण प्रतिकारशक्ती दाबलेली असली की सांध्यातला जंतुसंसर्गही असाच दिसतो, कधीकधी तापाशिवाय. पाण्यात युरेटचे स्फटिक सापडले. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज. जंतू दिसले नाहीत, कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, यायचंय. तोवर सूज उतरवणारं स्टेरॉईड वाढवायचं थांबलंय.

खरी भीती मला औषधांची यादी वाचताना वाटली. बाबा अझाथायोप्रिन घेतात, तेही प्रतिकारशक्ती दाबणारं. त्यावर युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल नेहमीच्या डोसने सुरू केलं, तर अझाथायोप्रिनचा परिणाम कैक पटीने वाढून पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. त्याच कामाच्या फेबुक्सोस्टॅटचंही तेच. कुणी घाईत लिहून दिलं असतं तर, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. आमचे किडनीचे आणि सांध्यांचे डॉक्टर माझ्यासमोर फोनवर बोलले. अझाथायोप्रिन बदलून त्याच कामाचं मायकोफेनोलेट देता येईल का, ते ठरवून मगच युरिक ॲसिडची गोळी. तोवर गुडघ्यावर बर्फाचा शेक.

बाबांना आत्ता झोप लागलीय. चादर गुडघ्याच्या वरपर्यंतच ओढलीय.